छपराखालची शर्यत

‘गो-कार्ट’ हें नांव प्रथमच ऐकणारास ती लहान मुलांच्या खेळण्यांतली एखादी गाडी असावी असें वाटतें, आणि गाडी प्रत्यक्ष पाहिल्यावरहि हा समज लगेच दूर होतो असें नाहीं. लोखंडी नळ्यांची एक चौकट, चार ठेंगणीं चाकें, बसावयास खोलगट आसन, समोर स्टिअरिंग आणि पायांशीं दोन पेडल : उजवें वेग देण्याचें, डावें ब्रेकचें. दार नाहीं, छप्पर नाहीं, बदलावयाचा गिअर नाहीं आणि विशेष म्हणजे धक्के सोसणाऱ्या स्प्रिंगाहि नाहींत. चालकाचें आसन जमिनीपासून चार बोटांवर असतें. अशा आठ-दहा गाड्या एखाद्या मोठ्या वखारीसारख्या इमारतींत, नागमोडी मार्गावर, एकाच वेळीं सोडतात. ह्या खेळास अमेरिकेंत व युरोपांत फार मोठा आश्रय आहे. मुंबई-पुण्याकडेहि आतां छपराखालचे आणि उघड्यावरचे असे दोन्ही प्रकारचे मार्ग झाले असून सुटीच्या दिवशीं मुलें आईबापांस तेथें ओढून नेतात. तिकिटाच्या खिडकीशीं उभ्या असलेल्या गृहस्थाच्या मनांत मग एकच प्रश्न येतो : एवढे पैसे घेऊन हे लोक देतात तरी काय?

ह्या गाडीचा जन्म काटकसरींतून झाला आहे, ही त्यांतली गंमत. १९५६ सालीं दक्षिण कॅलिफोर्नियांत आर्ट इंगल्स नांवाच्या कारागिरानें, जो शर्यतीच्या मोटारी बनविणाऱ्या कारखान्यांत काम करीत असे, गवत कापण्याच्या यंत्राचें एक पडून राहिलेलें इंजिन घेऊन तें नळ्यांच्या चौकटीवर बसविलें. पॅसाडेना येथील रोझ बाउल क्रीडांगणाबाहेरच्या मोकळ्या पटांगणांत ही गाडी धांवूं लागली तेव्हां पाहणाऱ्यांनीं तशाच गाड्या करावयास घेतल्या. १९६२ सालीं ह्या खेळाचे आंतरराष्ट्रीय नियम करणारी समिती स्थापन झाली आणि १९६४ सालीं पहिली जागतिक स्पर्धा झाली. भंगारांतल्या इंजिनापासून जागतिक अजिंक्यपदापर्यंत मध्यें आठच वर्षें गेलीं.

आतां खर्चाकडे वळूं. अमेरिकेंतील छपराखालच्या मार्गांवर एका शर्यतीचें शुल्क साधारणतः पंचवीस ते तीस डॉलर असतें. एका शर्यतींत बारा-चौदा फेऱ्या मिळतात. हिशेबाच्या सोईसाठीं शुल्क २८ डॉलर, फेऱ्या १४ आणि एका फेरीस अर्धें मिनिट असें धरलें, तर त्रैराशिक अगदीं सोपें आहे. एका फेरीस दोन डॉलर. सगळी शर्यत सात मिनिटांची. म्हणजे मिनिटास चार डॉलर. दोन तासांच्या सिनेमाचें तिकीट तेथें याच्या निम्म्यानें मिळतें. पाटीवर न दिसणारे खर्च याहून निराळे. कित्येक ठिकाणीं प्रथम सात-आठ डॉलरांचा वार्षिक परवाना घ्यावा लागतो. शिरस्त्राणाखालीं घालावयाची कापडी टोपी कोठें फुकट, कोठें विकत. चार माणसांच्या कुटुंबानें माणशीं दोन शर्यती केल्या, तर सवलत न धरतां शुल्काचे २२४ डॉलर आणि परवान्यांचे सुमारें ३० होतात. त्यांत प्रत्येकाच्या वांट्यास गाडी चालविण्याचीं चौदा मिनिटें आलीं. बाकीचा दीड-दोन तासांचा वेळ रांगेंत, सूचना ऐकण्यांत आणि काचेपलीकडून इतरांकडे पाहण्यांत जातो.

आपल्याकडे आंकडे लहान आहेत, रीत तीच. आठ-दहा फेऱ्यांचे कांहीं शें रुपये, आणि शर्यत मिनिटांत आटोपते. पहिली शर्यत तर मार्ग ओळखण्यांतच जाते आणि ती संपतां संपतां हात बसूं लागतो, म्हणून दुसरी घ्यावीशी वाटते. धंदा चालविणारास हें पक्कें ठाऊक असतें. त्यामुळें एकापेक्षां दोनांचा व दोनांपेक्षां तिहींचा दर माणशीं कमी ठेवण्याची पद्धत सर्वत्र आहे.

तरीहि ही लूट आहे असें म्हणणें अन्यायाचें होईल. शहरांत हजारों चौरस फुटांची जागा, मार्गाच्या दोन्ही बाजूंस आदळल्यावर मागें सरकणारे कठडे, प्रत्येक वळणावर निशाण घेऊन उभा असलेला माणूस, विम्याचा हप्ता, आणि रोज आपटणाऱ्या गाड्यांची रोजची दुरुस्ती, ह्या सर्वांचा भार त्या सात मिनिटांवर पडतो. पेट्रोलची गाडी बंद इमारतींत चालवावयाची तर धुराचा बंदोबस्त आणखी. ह्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु असतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं, आणि तो रक्तांतील प्राणवायूची जागा बळकावतो. म्हणून मोठमोठे पंखे लावून हवा सतत पालटावी लागते. यामुळेंच छपराखालचे बहुतेक नवे मार्ग विजेच्या गाड्यांकडे वळले आहेत. धूर गेला, कानठळ्या गेल्या. त्यांच्या जागीं बॅटरीचा खर्च आला, आणि दोन शर्यतींच्या मधल्या वेळांत गाडीस वीज पाजावी लागते. पेट्रोलची गाडी असलेल्या बंद ठिकाणीं शिरतांच डोळे चुरचुरले किंवा डोकें जड वाटलें, तर पैसे परत मागून बाहेर पडणें हेंच शहाणपणाचें.

आतां ह्या सात मिनिटांत घडतें काय तें पाहूं. विजेची गाडी पेडल दाबतांच पाठीवर थाप मारल्याप्रमाणें निघते. छपराखालचा वेग सहसा ताशीं साठ-सत्तर किलोमीटरांच्या पुढें जात नाहीं. हमरस्त्यावर मोटारींत हा वेग कोणासहि जाणवत नाहीं. येथें मात्र डोळे जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर असतात, कठडे हाताच्या अंतरावरून मागें जातात आणि फरशीचा प्रत्येक सांधा पाठीच्या कण्यास कळतो. त्यामुळें तोच वेग दुप्पट भासतो. वळणावरचा ताण मात्र भास नव्हे. दहा मीटर त्रिज्येच्या वळणांत ताशीं ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदास दहा मीटर, वेग ठेवला तर शरीरावर आडवें पडणारें बल जवळजवळ त्याच्या स्वतःच्या वजनाएवढें होतें. साठ किलोच्या माणसास साठ किलोचा दुसरा माणूस कुशींत रेटतो आहे अशी कल्पना करावी. दुसऱ्या दिवशीं बरगड्या व हाताचे पोंचे कां दुखतात, याचें उत्तर यांत आहे.

स्टिअरिंग जड कां लागतें याचें कारण जास्त मौजेचें आहे. बैलगाडीच्या आंसावर दोन्ही चाकें आपापलीं स्वतंत्र फिरतात. मोटारींत तें काम दांत्यांची एक निराळी योजना करते. गो-कार्टच्या मागच्या आंसाशीं मात्र दोन्ही चाकें घट्ट जखडलेलीं असतात. वळणांत बाहेरच्या चाकास लांबचा आणि आंतल्या चाकास जवळचा रस्ता असतो. दोघांनाहि सारखेच वेढे घ्यावयाचे असल्यामुळें त्यांतील एकानें घसरणें किंवा उचललें जाणें भाग आहे. पुढच्या चाकांची ठेवणच अशी असते कीं, स्टिअरिंग वळवितांच आंतलें पुढचें चाक खालीं रेटलें जातें व मागचें आंतलें चाक जमीन सोडूं लागतें. चौकटीचें लवणें हें ह्या गाडीच्या स्प्रिंगचें काम करतें. शर्यतीच्या हलक्या गाडींत हें सहज साधतें. भाड्याच्या गाडीस चोहोंकडून धक्कारोधक कडें आणि बॅटरीचें ओझें असल्यानें ती अनिच्छेनें वळते, आणि तिची अनिच्छा चालकाच्या दंडांस भोगावी लागते.

नवशिका येथेंच फसतो. गाडीचें शेपूट बाजूस फेंकून, टायर किंचाळवीत वळण घेतलें कीं आपण फार वेगानें गेलों असें त्यास वाटतें. वास्तविक आडवी घसरणारी गाडी पुढें जाण्याचा वेग गमावीत असते, आणि इतक्या लहान शक्तीच्या यंत्रास तो पुन्हां मिळवावयास अर्धा सरळ रस्ता खर्चावा लागतो. ब्रेक सरळ रस्त्यावरच आटोपावा, बाहेरच्या कडेनें शिरून वळणाच्या आंतल्या टोंकास खेटावें आणि सुटतांना पुन्हां बाहेरच्या कडेपर्यंत जागा वापरावी, एवढें केलें तरी वेळ कमी होतो. विजेच्या बहुतेक गाड्यांत दोन्ही पेडल एकदम दाबलीं तर यंत्र तात्पुरतें बंदच पडतें. पुष्कळांची पहिली शर्यत ह्याच कारणानें बिघडते.

वेळ मोजण्याची व्यवस्था मात्र निर्दय अचूक असते. प्रत्येक गाडींत एक लहानसें यंत्र असतें, फरशीखालीं तार पुरलेली असते, आणि फेरीचा वेळ सेकंदाच्या सहस्रांशापर्यंत नोंदला जातो. भाड्याच्या शर्यतींत क्रमांक सहसा पुढें-मागें असण्यावरून न ठरतां सर्वांत जलद फेरीवरून ठरतो. म्हणून पुढच्या गाडीशीं झोंबत बसण्यापेक्षां किंचित् मागें राहून एक फेरी मोकळी मिळविणें फायद्याचें असतें. शेवटीं हातांत जी छापील चिठ्ठी पडते तींत प्रत्येक फेरी वेगळी दिलेली असते. विद्यार्थ्याच्या प्रगतिपुस्तकासारखीच ती कोणाची भीड धरीत नाहीं. तिच्यांत एक अन्याय मात्र आहे. गाडी दोनशें किलोंची धरली, तर ५५ किलोचा मुलगा बसल्यावर २५५ किलो होतात आणि ९५ किलोचे वडील बसल्यावर २९५. यंत्र तेंच, ओझें सोळा टक्के अधिक. नियमबद्ध स्पर्धांत हलक्या चालकाच्या गाडीस शिशाचीं वजनें बांधून ही तूट भरून काढतात. रविवारच्या शर्यतींत तसें कोणी करीत नाहीं, तेव्हां मुलाकडून झालेली हार वडिलांनीं फार मनावर घेऊं नये.

एक गोष्ट मात्र मनावर घेतलीच पाहिजे. चालकाच्या पाठीमागें तो आंस उघडा किंवा अर्धवट झांकलेला फिरत असतो. हरियाणांतील पिंजोर येथें २०१८ सालीं आणि हैदराबादजवळ २०२० सालीं, शिरस्त्राणांतून बाहेर आलेले केस गाडीच्या फिरत्या भागांत गुंतून तरुण स्त्रियांस प्राण गमवावे लागले. दोघीहि करमणुकीसाठींच गेल्या होत्या. मार्ग छपराखालीं असो वा उघड्यावर, आंस सारखाच फिरतो. केस घट्ट बांधून कापडी टोपींत आणि सदऱ्याच्या आंत घ्यावे. ओढणी, पदर, मफलर, सैल नाडी यांतलें कांहींहि अंगावर ठेवून बसूं नये. आणि तेथील माणूस हें न तपासतां गाडी सोडीत असेल तर घरच्या माणसानें तपासावें. शुल्क भरतांना सही करून घेतलेल्या कागदावर बहुधा असें लिहिलेलें असतें कीं, इजा झाल्यास जबाबदारी चालकाची. तो कागद वाचणारे थोडे.

ह्या सात मिनिटांनीं कांहीं मुलांच्या डोक्यांत मोठीं स्वप्नें शिरतात, आणि तीं अगदींच निराधार नसतात. मायकेल शूमाकरचे वडील वीटकाम करणारे. जर्मनींतील केर्पेन येथील कार्ट-मार्गाची देखभाल तेच करीत, आणि मुलगा इतरांनीं टाकून दिलेल्या टायरांवर शिकला. लुइस हॅमिल्टन आठव्या वर्षीं ह्या खेळांत पडला व त्याच्या वडिलांनीं एका वेळीं अनेक नोकऱ्या करून त्याचा खर्च चालविला; पुढें १९९८ सालीं एका बलाढ्य शर्यत-संघानें तो भार उचलला. मुंबईचा जेहान दारूवाला २०११ सालच्या देशव्यापी कार्ट-चाचण्यांतून निवडला गेला आणि २०२० सालीं फॉर्म्युला टूमधील शर्यत जिंकणारा पहिला भारतीय ठरला.

परंतु भाड्याची गाडी आणि ती शिडी यांच्यांत मोठें अंतर आहे. स्पर्धेची गाडी भाड्याच्या गाडीच्या निम्म्या वजनाचीहि नसते आणि ती ताशीं शंभर किलोमीटरांच्या पुढें जाते. तिची चौकट, इंजिन, एका स्पर्धेंत झिजणारा टायरांचा संच, कारागीर, प्रवास, सरावाच्या दिवसांचें भाडें मिळून वर्षाकांठीं परदेशांत हजारों, वरच्या पायरीवर लाखों डॉलर लागतात. हॅमिल्टनच्या वडिलांच्या नोकऱ्यांची संख्या हा त्या शिडीच्या पहिल्या पायऱ्यांचा दर होय. सातव्या-आठव्या मिनिटास “मला रेसर व्हायचें आहे” म्हणणाऱ्या मुलास रागें भरण्याचें कारण नाहीं. त्यास दोन-तीन महिने त्याच मार्गावर न्यावें आणि चिठ्ठ्या जपून ठेवण्यास सांगावें. फेऱ्यांचे वेळ एकमेकांच्या जवळ येत चालले, म्हणजे चौदांपैकीं दहा फेऱ्या दोन-तीन दशांश सेकंदांच्या आंत बसूं लागल्या, तर तेथील भाड्याच्या गाड्यांच्या मालिका-शर्यतींत त्याचें नांव घालावयास हरकत नाहीं. तेथें गाड्या चिठ्ठ्या टाकून मिळतात, वजनें कित्येकदां सारखीं केलीं जातात, आणि स्वतःची गाडी घेण्याच्या खर्चाच्या मानानें शुल्क अल्प असतें.

ज्यांस केवळ एक संध्याकाळ घालवावयाची आहे त्यांनीं आठवड्याच्या मधल्या दिवशीं जावें. दर बहुधा कमी असतो, आणि मार्गावर दहांऐवजीं चारच गाड्या असल्यास मोकळ्या फेऱ्या अधिक मिळतात. जाण्यापूर्वीं मुलांची उंची मोजावी. अमेरिकेंत मोठ्या गाडीसाठीं कित्येक ठिकाणीं चार फूट दहा इंचांची अट आहे आणि इंचभर कमी असलेल्या मुलास दारांतून परत यावें लागतें. तीन शर्यतींचें स्वस्त तिकीट एकाच दिवशीं संपवूं नये. तिसऱ्या शर्यतींत नवख्याचे हात भरून येतात व वेळ पुन्हां वाढूं लागतो. तिसरी शर्यत दुसऱ्या दिवशीं चालेल काय, हें पैसे देण्यापूर्वींच विचारून ठेवावें.