पोराची एटीव्ही चालू होत नाही? आधी आवाज ऐका

पावसाळा संपला की मला एकाच धाटणीच्या व्हॉइस नोट यायला लागतात. "दादा, पोराची छोटी एटीव्ही चार महिने शेडमध्ये उभी होती. आता बटण दाबतोय, चालूच होईना. गॅरेजवाला म्हणतोय वायर काढून डायरेक्ट करून देतो. करू का?"

उत्तर आधीच देऊन टाकतो. डायरेक्ट करू नका. का नको आणि मग गाडी चालू कशी करायची, दोन्ही सांगतो.

पेट्रोलवर चालणाऱ्या या गाड्या साधारण दोन प्रकारच्या. एक 49 सीसीची टू-स्ट्रोक, दोरी ओढून चालू होणारी. दुसरी 110 सीसीची फोर-स्ट्रोक, बटणवाली. (चार्जिंगवर चालणारी खेळण्यातली गाडी वेगळी, तिचा विषय आज नाही.) आता 49 सीसी ऐकून कुणी हसू नका. 1972 साली आलेली लुना 50 सीसीची होती, आणि तिच्यावर बसून आपल्या आजोबांच्या पिढीतली माणसं रोज कामावर गेली. तेवढं इंजिन आपण सात-आठ वर्षांच्या पोराच्या हातात देतोय. म्हणून या गाड्यांना न चालू होण्याची सोय मुद्दाम जास्त दिलेली असते. निम्म्या वेळा गाडी बिघडलेली नसतेच, ती सांगितलेलं काम करत असते.

तर चावी लावा, बटण दाबा आणि कान द्या.

काहीच आवाज नाही, अगदी शांतता? मग पाना उचलायचा नाही. हँडलवरचा लाल स्विच बघा, पोरं तो जाता-येता दाबतात. ब्रेकचा लिव्हर दाबून मग बटण दाबा, कारण बऱ्याच मॉडेलमध्ये ब्रेक धरल्याशिवाय स्टार्टरला करंट जातच नाही. रिव्हर्स गिअर असेल तर गाडी न्यूट्रलला आणा. रिमोट आला असेल तर त्यावरचं लॉक सोडा. आणि मग मागे बघा, सीटच्या पाठीमागे एक लाल दोरी लोंबकळत असते. तिचं टोक स्विचमध्ये नीट बसलंय का? ही दोरी म्हणजे गाडीमागून चालणाऱ्या मोठ्या माणसाचा लगाम. पोरगं भलतीकडे निघालं की दोरी ओढायची, इंजिन बंद. दोरीचं टोक निघालेलं असेल तर काही मॉडेलमध्ये स्टार्टरच फिरत नाही, काहींत स्टार्टर फिरतो पण ठिणगी पडत नाही.

हे सगळं ठीक असेल तर बॅटरीजवळचा फ्यूज काढून उजेडात धरा. आणि वायरी बघा. आपल्याकडं गाडी ठेवायची जागा म्हणजे शेतातली शेड, शेजारी खताची पोती, आणि उंदरांना वायरीचं वेष्टण का आवडतं हे त्यांनाच माहीत.

नुसतं टक-टक होतंय? बॅटरी. ही बॅटरी 12 व्होल्टची असते, पण जेमतेम चार-पाच अँपिअर-अवरची. चार महिने पडून राहिली की उतरतेच. मल्टिमीटर लावा. पूर्ण भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, 12 च्या खाली असेल तर आधी चार्ज करा. चार्जर छोटा घ्या, अर्धा अँपिअर देणारा, आणि रात्रभर सावकाश भरू द्या. चारचाकीच्या मोठ्या चार्जरने घाई केली तर एवढीशी बॅटरी तापून कामातून जाते. भरल्यावरही स्टार्टर दाबताच आकडा 9-10 व्होल्टच्या खाली धपकन पडत असेल तर नवीन आणा. दोरीवाल्या 49 सीसीला हा ताप नाही, तिची ठिणगी मॅग्नेटवरून येते.

आता तिसरा आवाज. घुर्र-घुर्र फिरतंय, पण धरत नाही. खरी मजा इथं आहे. इंजिनाला तीन गोष्टी लागतात: हवा, पेट्रोल आणि ठिणगी.

ठिणगी आधी. प्लग काढा. ओला आणि पेट्रोलचा वास मारतोय म्हणजे इंजिन ओव्हर झालंय: पुसा, वाळवा, चोक बंद ठेवून पुन्हा बघा. प्लग कोरडा असेल तर पेट्रोलच पोचत नाहीये. ठिणगी बघायची तर पेट्रोल कॉक बंद करा, प्लग टोपीत घाला, त्याचं लोखंड इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवा आणि दुसऱ्याला बटण दाबायला सांगा. प्लगच्या भोकापासून लांब धरा, तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. उघड्या हाताने धरलात तर झटका बसेल तो वेगळाच. नवीन प्लग घेताना जुना दुकानात घेऊन जा आणि आट्यांची लांबी जुळवा. लांब प्लग बसवला तर पिस्टनला आपटू शकतो.

ठिणगी आहे, तरी धरत नाही? मग शंभरातले बहुतेक वेळा गुन्हेगार टाकीतलं जुनं पेट्रोल. हल्ली पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. म्हणजे आपल्याच सांगली जिल्ह्यातला ऊस फिरून आपल्याच टाकीत येतो म्हणा की! पण इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. पावसाळाभर अर्धी टाकी तशीच राहिली तर पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाला बसू शकतं, आणि कार्बोरेटर ओढतो तळातूनच. उरलेलं पेट्रोल उडून जाताना चिकट थर सोडतं आणि स्लो जेटचं सुईएवढं भोक बुजतं. म्हणून तर अशी गाडी चोकवर दोन सेकंद भुरभुरते आणि मरते.

उपाय साधा आहे. टाकी रिकामी करा, कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल करून तीही रिकामी करा, ताजं पेट्रोल घाला. तेवढ्याने नाही झालं तर कार्बोरेटर खोलून जेट साफ करावे लागतील. हे काम गल्लीतला कुठलाही स्प्लेंडरचा मिस्त्री करतो. 110 सीसीच्या या इंजिनाची ठेवण होंडाच्या 1958 च्या सुपर कबवरून आलेली आहे, त्याला ओळखीची वाटेल. टू-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये टूटी ऑइल मिसळायला विसरू नका. माहितीपुस्तकात 25 ला 1 लिहिलं असेल तर 1 लिटरला 40 मिली. आणि काढलेलं पेट्रोल कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवू नका. घरात लहान पोर आहे.

आता त्या 'डायरेक्ट'कडे येऊ. यातल्या बऱ्याच गाड्यांमध्ये लाल स्विच आणि दोरी एकाच पद्धतीने काम करतात. एक वायर बॉडीला टेकते आणि ठिणगी मरते. स्विचमध्ये पाणी जाऊन गंज चढला तर ती वायर कायमच टेकलेली राहते. मिस्त्री सीडीआयजवळ ती वायर सोडवतो आणि गाडी झटक्यात चालू. दोष शोधायला ही पद्धत बरोबर आहे, मी स्वतः मिनिटभर सोडवून बघतो. पण वायर तशीच टेप गुंडाळून सोडली तर दोरी शोभेची राहते. थ्रॉटल अडकला, पोरगं घाबरून अंगठा दाबूनच बसलं, तुम्ही मागून दोरी ओढलीत आणि गाडी थांबलीच नाही, तर? स्विच काही महाग वस्तू नाही. नवीन बसेपर्यंत गाडीवर कुणी बसायचं नाही. आणि वेग कमी ठेवायला थ्रॉटलजवळ जो स्क्रू असतो, तोही कुणी "पिकअप येत नाही" म्हणून फिरवलाय का बघा.

चालू झाल्यावर पहिल्यांदा मोठ्या माणसाने बघायचं. गाडी उघड्यावर काढा, बंद शेडमधला धूर जीवघेणा असतो. मागची चाकं स्टँडवर उचलून घ्या, इंजिन चालू ठेवा आणि दोरी ओढा. त्याच क्षणी बंद व्हायला हवं. मग लाल स्विचने एकदा, चावीने एकदा.

चाचणीची फेरी आपल्या रानात किंवा अंगणात मारायची. सुट्टीच्या दिवशी कुपवाड एमआयडीसीतले रस्ते मोकळे दिसतात, मोह होतो, पण तो सार्वजनिक रस्ता आहे आणि कोपऱ्यावरून ट्रक कधीही वळतो. शिवाय मोटार वाहन कायद्यात 2019 साली 199-अ कलम आलंय. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला 25 हजार दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

एवढं करूनही अडलात तर मला मजकूर टाईप करत बसू नका. मोबाईल इंजिनाजवळ धरा, ब्रेक दाबा, बटण पाच सेकंद दाबा आणि ती रेकॉर्डिंग पाठवा. सोबत काढलेल्या प्लगचा एक फोटो आणि मीटरवरचा आकडा.