मूर्तिकार राम सुतार

पुतळा दृष्टीस पडला कीं तो कोणाचा, हें आपण तत्काळ विचारतों. तो कोणी घडविला, हें मात्र क्वचितच विचारतों. चौथऱ्यावर थोर पुरुषाचें नांव असतें, अनावरण करणारांचेंही असतें. परंतु ज्या हातांनीं तो चेहरा घडला त्यांचें नांव बहुधा शोधावें लागतें. म्हणून आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस अशा एका थोर कारागिराची ओळख करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

राम वनजी सुतार यांचा जन्म १९ फेब्रुवारी १९२५ रोजीं धुळ्याजवळील गोंदूर या खेड्यांत एका गरीब सुताराच्या घरीं झाला. त्यांचे गुरु श्रीराम कृष्ण जोशी यांनीं या मुलाच्या हातांतील गुण ओळखिला आणि त्यास मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची वाट दाखविली. तेथें १९५३ सालीं त्यांनीं मेयो सुवर्णपदक मिळविलें. खेड्यांतील मुलाचा गुण वेळेवर पारखणारा एक शिक्षक भेटला, तर केवढें अंतर तोडतां येतें, याचा हा दाखलाच होय.

पुढील हकीकत आम्हां मराठवाड्याच्या लोकांस विशेष जवळची आहे. १९५४ पासून १९५८ पर्यंत सुतार हे पुरातत्त्व खात्याच्या नोकरींत होते, आणि अजिंठा व वेरूळ येथील झिजलेल्या, भंगलेल्या शिल्पांची डागडुजी करणें हें त्यांचें काम होतें. या कामांत कारागिराला स्वतःचें कौशल्य मिरवितां येत नाहीं. शेंकडों वर्षांपूर्वीच्या हाताची छिन्नी कोठें थांबली, कोठें वळली, हें ओळखून आपला हात त्याच्यामागें लपवावा लागतो. वेरूळचें कैलास लेणें डोंगर वरून खालीं कोरीत आणून सिद्ध झालें; पण तें कोरणाऱ्या शिल्पकारांचीं नांवें आज कोणास ठाऊक नाहींत. अशा निनावी गुरूंच्या संगतींत सुतारांचीं चार वर्षें गेलीं.

त्यानंतर ते दिल्लीस केंद्र सरकारच्या माहिती व नभोवाणी मंत्रालयांत नोकरीस लागले. परंतु १९५९ सालीं ती नोकरी सोडून त्यांनीं मूर्तिकलेवरच चरितार्थ चालविण्याचें ठरविलें. पालकांनीं येथें क्षणभर थांबावें. सरकारी नोकरीची शाश्वति टाकून माती हातीं धरणाऱ्या मुलास आपण काय म्हटलें असतें? तो निर्णय सोपा नव्हता. पण त्याच्यामागें लहरीपणा नव्हता, वर्षानुवर्षांचा अभ्यास होता.

आतां पुतळा होतो कसा, हें पाहूं. प्रथम मातीचा लहान नमुना करितात. तो मनाजोगा उतरला म्हणजे लोखंडी सांगाड्यावर ओली माती चढवून, तींच मापें ठराविक पटीनें वाढवीत, मोठी मूर्ति घडवितात. परंतु येथें नुसता गुणाकार पुरत नाहीं. उंच पुतळा खालून पाहतांना मस्तक लहान भासतें. म्हणून डोळ्यांची ही फसगत अगोदरच हिशेबांत धरावी लागते. पुढें मातीच्या मूर्तीवरून प्लास्टरचा साचा व साच्यावरून मेणाची प्रतिकृति करितात. मेणाभोंवतीं उष्णता सोसणारें आवरण घालून तें तापविलें कीं मेण वितळून वाहून जातें, आणि त्या पोकळींत तांबें व कथील यांचें तप्त कांसें ओततात. आपणांस जें दिसतें तें कांसें. शिल्पकाराचा खरा झगडा झालेला असतो मातीशीं.

चंबळा नदीवरील गांधीसागर धरणापाशीं सुतारांनीं ४५ फूट उंचीची चंबळामातेची मूर्ति उभारिली. तिच्याजवळचीं दोन बालकें म्हणजे मध्य प्रदेश व राजस्थान. एका नदीचें पाणी वांटून घेणारीं हीं भावंडेंच जणूं. दिल्लीच्या संसद्-आवारांतील, १९९३ सालीं अनावरण झालेली महात्मा गांधींची ध्यानस्थ मूर्तिही त्यांचीच. गुजरातेंत नर्मदेच्या कांठीं ३१ ऑक्टोबर २०१८ रोजीं सरदार वल्लभभाई पटेल यांचा १८२ मीटर उंच पुतळा राष्ट्रास अर्पण झाला, त्याचें रूप सुतारांनींच योजिलें. अमेरिकेंतील स्वातंत्र्यदेवीचा पुतळा चौथऱ्यासह ९३ मीटर भरतो. यावरून उंचीची कल्पना यावी. या कामीं त्यांचे पुत्र अनिल यांचें साह्य होतें. गाभा काँक्रिट व पोलाद यांचा, वरील कवच कांस्याचें; अभियंते, ओतारी व मजूर अशा असंख्य हातांचें तें फळ आहे.

सरकारनें त्यांस १९९९ सालीं पद्मश्री व २०१६ सालीं पद्मभूषण देऊन गौरविलें. २०२४ सालचा महाराष्ट्र भूषण पुरस्कारही त्यांस जाहीर झाला. डिसेंबर २०२५ मध्यें, वयाचीं शंभर वर्षें पूर्ण केल्यावर, नोएडा येथें त्यांचें देहावसान झालें.

विद्यार्थिमित्रहो, पोळ्यास मातीचे बैल करितांना तुमच्यापैकीं एखाद्याच्या हातून बैलाची मान खरोखर जिवंत वळते. अशा मुलास "अभ्यास सोडून चिखलांत काय खेळतोस" असें म्हणण्यापूर्वीं पालकांनीं तो बैल एकवार नीट पाहावा, अशी आमची विनंति आहे. प्रत्येक मुलगा सुतारांएवढा होईल असें नव्हे. परंतु हाताचें काम हें बुद्धीचेंही काम आहे, एवढें तरी त्या घरीं उमजेल. आणि यापुढें वेरुळास जाल, तेव्हां मूर्ति कोणाची याबरोबरच ती कोणाच्या हातची, हाही प्रश्न मनांत येऊं द्या.