मोबाईल वाट दाखवतो, पण पूल पाहत नाही



लग्नाला जायचे असो, दवाखान्यात जायचे असो, की मुलीला परीक्षेसाठी परगावी सोडायचे असो, हल्ली गाडीत बसल्याबरोबर आपण मोबाईलला वाट विचारतो. तो बिचारा लगेच सांगतो, आणि बहुतेक वेळा बरोबरच सांगतो. पण शंभर वेळा बरोबर सांगणाऱ्याचे एकशेएकाव्या वेळी डोळे मिटून ऐकले, तर काय होते ते जाणून घेणे प्रत्येक घराच्या हिताचे आहे.

जानेवारी 2021 मधली गोष्ट. पुण्याहून तिघे जण मोटारीने कळसूबाईकडे निघाले होते. अकोले तालुक्यात, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, रात्रीच्या अंधारात मोबाईलच्या नकाशाने त्यांना एका पुलाची वाट दाखवली. पिंपळगाव खांड धरणाचे पाणी चढले की हा पूल बुडतो, हे तिथल्या लोकांना पाठ होते. नकाशाला ते ठाऊक नव्हते. गाडी थेट पाण्यात गेली. दोघे पोहून बाहेर आले, पण गाडी चालवणारा बुडाला.

नोव्हेंबर 2024 मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ असेच घडले. रामगंगेवरच्या पुलाचा पुढचा भाग आधीच्या पुरात वाहून गेला होता. नकाशावर मात्र रस्ता अखंड दिसत होता. गाडी पुलावरून खाली कोसळली आणि तिघांचा जीव गेला. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे आपण म्हणतो. तर या ठेचा कशामुळे लागल्या, ते पाहू.

उपग्रह काय सांगतो आणि काय सांगत नाही

पुष्कळांची समजूत अशी की वर आकाशातून उपग्रह आपली गाडी आणि रस्ता पाहत असतो आणि वाट सांगत असतो. तसे मुळीच नाही. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि फक्त वेळ व स्वतःची जागा यांचे संदेश पाठवतात. तो संदेश सेकंदाच्या साधारण पंधराव्या भागात आपल्यापर्यंत येतो. निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की कोणता किती वेळात आला यावरून मोबाईल आपली जागा काढतो. मोकळ्या रानात ही जागा साधारण पाच मीटरच्या आत बरोबर येते. दाट झाडी, उंच इमारती किंवा राजूर घाटासारखी डोंगराची कड आली की फरक वाढतो. शेजारी-शेजारी दोन रस्ते असतील, एक वरून आणि एक खालून, तर मोबाईल तिथे हमखास गोंधळतो.

म्हणजे उपग्रह एवढेच सांगतो की तुम्ही कुठे उभे आहात. पुढे रस्ता आहे की नाही, हे सांगतो तो नकाशा. नकाशा माणसांनी आणि यंत्रांनी केव्हातरी तयार केलेला असतो. तो जुना असेल तर उपग्रह कितीही चोख असला तरी उपयोग नाही. बियाणे उत्तम पण पेरले खडकावर, तर पीक कुठून येणार?

चुका कुठे होतात

पहिली चूक नावाची. आपली चिखली बुलडाणा जिल्ह्यातली. पण एक चिखली पिंपरी-चिंचवडमध्ये आहे आणि एक गुजरातेत नवसारी जिल्ह्यात. आपल्याच तालुक्यात मेरा बुद्रुक आणि मेरा खुर्द आहेत. जिल्ह्यात देऊळगाव राजा आहे आणि देऊळगाव मही आहे. नुसते ‘देऊळगाव’ लिहिले तर मोबाईल आपल्या मनातले कसे ओळखणार?

दुसरी चूक रस्त्याच्या दर्जाची. भूमी अभिलेखाचा जुना गाव नकाशा पाहिलात तर त्यात गाडीवाट दोन तुटक रेषांनी आणि पायवाट एका तुटक रेषेने दाखवलेली असते. मोबाईलच्या नकाशावर डांबरी सडक आणि पांदण रस्ता यांच्या रेषा पुष्कळदा सारख्याच दिसतात. पांदणीने दोन किलोमीटर वाचतात हे पाहून मोबाईल तिकडे वळवतो. आपली काळी जमीन पाणी पिऊन फुगते, निसरडी होते आणि चाकाला धरून ठेवते, हे त्याला कोणी शिकवलेले नाही. मे महिन्यात ज्या पांदणीतून मोटार धुरळा उडवत गेली, तिथेच जुलैत ट्रॅक्टर लावून ती ओढावी लागते.

तिसरी चूक वेळेच्या हिशेबाची. शहरात हजारो लोकांच्या मोबाईलवरून गाड्यांचा वेग कळतो आणि कुठे खोळंबा आहे ते समजते. ज्या आडवाटेला कोणी जातच नाही, तिथला खोळंबा सांगणार कोण? मग मोबाईल अंदाजाने वेळ धरतो आणि ती वाट जवळची व मोकळी म्हणून पुढे करतो. वाट मोकळी का आहे, हा प्रश्न आपणच विचारायचा असतो.

चौथी चूक वाहनाची. मोबाईलचा हिशेब बहुधा मोटारीचा असतो. सोयाबीन भरलेली ट्रॉली, कडब्याची उंच गाडी किंवा हंगामात परप्रांतातून आलेले हार्वेस्टर त्या वळणावर वळेल का, हे त्याला माहीत नसते. उलटही होते. वाहनाचा प्रकार नीट निवडला नाही, तर समृद्धी महामार्गाची वाट दुचाकीवाल्यालाही दाखवली जाते, आणि तिथे दुचाकी व तीनचाकीला बंदी आहे.

निघण्यापूर्वी आणि वाटेत

1. गावाचे नाव लिहिताना तालुका व जिल्हा जोडा. बुद्रुक की खुर्द ते पाहा. एकूण किलोमीटर किती दाखवतो ते वाचा. चिखलीहून बुलडाणा पंचवीस किलोमीटरच्या आत आहे. तिथे आकडा शेकड्यात दिसला तर नाव चुकले असे समजा.

2. घरीच सगळी वाट एकदा बोटाने सरकवून पाहा. मधली चार मोठी गावे कागदावर लिहा. ती गावे ओळीने आली नाहीत तर थांबा.

3. नकाशा आधीच मोबाईलमध्ये उतरवून ठेवा. रेंज गेली तरी उपग्रहाचे संदेश येत राहतात, पण नकाशा उतरवलेला नसेल तर पडदा कोरा राहतो.

4. मैलाच्या दगडाकडे लक्ष ठेवा. पिवळ्या डोक्याचा दगड राष्ट्रीय महामार्गाचा, हिरव्याचा राज्य महामार्गाचा, नारिंगीचा ग्रामीण रस्त्याचा. मोठ्या शहराकडे निघालो आणि दगड नारिंगी लागले, तर एकदा विचारलेले बरे.

5. डांबर संपले, रस्ता अरुंद झाला किंवा समोर पाणी दिसले, तर मोबाईल काहीही म्हणो, गाडी थांबवा. वाहते पाणी 30 सेंटिमीटर, म्हणजे वीतभराहून थोडे जास्त असले, तरी लहान मोटार तरंगू लागते. 60 सेंटिमीटर पाणी बहुतेक गाड्या वाहून नेते. पैनगंगेच्या आणि नाल्यांच्या पुलांवर पावसाळ्यात हे ध्यानात ठेवा. रात्री पाण्याची खोली दिसतच नाही.

6. चालवणाऱ्याने मोबाईल हातात धरू नये. तो शेजारच्याकडे द्यावा. एकटे असाल तर गाडी कडेला लावून पाहा.

7. गावातल्या माणसाला विचारा. मात्र ‘हा रस्ता अमुक गावाला जातो का’ एवढेच विचारू नका. ‘आज या रस्त्याने मोटार जाईल का’ असे विचारा. उत्तर पुष्कळदा वेगळे मिळते.

आपल्या शेताचा पत्ता

आता दुसरी बाजू. आपण लोकांकडे जातो तसे लोक आपल्याकडेही येतात. मळ्यात कोणाला साप चावला आणि 108 ची रुग्णवाहिका बोलावली, किंवा गाय अडली म्हणून 1962 ला फोन केला, तर ‘वडाच्या झाडावरून पुढे’ हा पत्ता बाहेरच्या चालकाला कळत नाही. मोबाईल चुकीच्या पांदणीत घेऊन गेला तर अर्धा तास जातो. सर्पदंशात अर्धा तास फार मोठा असतो.

म्हणून आजच, सवडीने, मळ्यात उभे राहून आपल्या जागेचे अक्षांश-रेखांश मोबाईलमध्ये पाहा आणि कागदावर उतरवून घ्या. चिखलीच्या आसपास ते 20.35 आणि 76.26 च्या जवळ येतील. दशांशचिन्हानंतर दोनच आकडे लिहिले तर किलोमीटरभराचा फरक पडतो. पाच आकडे लिहिले तर जागा मीटरभरात येते. तो कागद घराच्या दाराशी लावा, घरातल्या बायकांना आणि शाळकरी मुलांना वाचून दाखवा. गाडी पक्क्या सडकेने कुठवर येते तो फाटाही त्याच कागदावर लिहा आणि बोलावताना दोन्ही सांगा. शिवाय एक जण दुचाकी घेऊन फाट्यावर उभा ठेवा. रात्र असेल तर हातात बॅटरी द्या.

गावाजवळचा पूल खचला असेल, नाव चुकीच्या जागी पडले असेल किंवा पांदण सडक म्हणून दाखवली असेल, तर नकाशातच चूक कळवण्याची सोय असते. कॉलेजात जाणाऱ्या मुलांना ते काम सांगा. सोबत ग्रामपंचायतीकडे पाटीची मागणी लेखी करा. बुडणाऱ्या पुलाच्या दोन्ही टोकांना पाटी आणि अडसर असला, तर नकाशा चुकला तरी माणूस वाचतो.

मोबाईल हा चांगला गडी आहे. सांगितलेले काम तो न कंटाळता करतो. पण नांगर गड्याच्या हाती दिला तरी तास सरळ पडतो की नाही हे मालकालाच पाहावे लागते. गाडीतही तसेच करा. वाट मोबाईलला विचारा, पण पुढे जायचे की नाही हे समोरचा रस्ता पाहून ठरवा.