शेपटीचे आडनाव

माणसाचे आडनाव चुकले, तर कचेरीत फार तर चार हेलपाटे पडतात. मी मात्र रत्नागिरीच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवीत असताना एका बापड्या किड्याचे आडनाव चुकवले आणि अठरा वर्षे मुलांना तेच शिकवले!

मिऱ्याच्या खडकांवरचे शेवाळ ओहोटीला खरवडून परातीतल्या समुद्राच्या पाण्यात झटकले, की दोऱ्याच्या तुकड्यासारखे इवलेसे जीव वळवळू लागतात. त्यांत सिलिडी कुळातले किडे असतात. १८५० साली ग्रूबे या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने या कुळाला हे नाव दिले. खूण सोपी: घशामागे पिंपाच्या आकाराचा स्नायूंचा पंप. सूक्ष्मदर्शकात तो कातडीतूनही दिसतो.

त्याच परातीत मला एक निराळा जीव सापडला. टपोरे डोळे, लांब राठ केस, पण पंपाचा पत्ता नाही! मी दुसरी बाटली घेतली आणि चिठ्ठी लावली, ‘कुळ वेगळे’.

पुढे एकदा मांडवीकडची एक मुलगी सूक्ष्मदर्शकातून मान वर करून म्हणाली, “सर, ह्याला तोंडच नाही. मग हा जेवतो काय?”

मी म्हटले, “नीट बघ, असेल.”

ती ताज्या परातीकडे वळली आणि थोड्या वेळाने ओरडलीच, “सर, ह्या पहिल्याच्या पाठीत मधेच डोळे फुटलेत!”

मी पाहिले आणि खुर्चीत बसलो. दुसरा प्राणी म्हणजे पहिल्याची शेपटी होती! सिलिडींपैकी काहींच्या शेपटीला डोळे फुटतात, तिच्यात अंडी किंवा शुक्रबीजे भरतात. मग ती तुटून पोहत जाते, बीज सोडते आणि मरते. मूळ किडा घरीच राहून नवी शेपटी वाढवतो.

थोरांचीही हीच फसगत झाली होती. एकोणिसाव्या शतकात अशा नर शेपटीला पॉलिबॉस्ट्रिकस आणि मादी शेपटीला सॅकोनेरिस अशी वेगवेगळी नावे दिली गेली. नवराबायको दोन निराळ्या घराण्यांत! वर्गीकरणाचे काम अजूनही चालूच आहे. २००९ साली आगुआदो आणि सान मार्तिन या स्पॅनिश अभ्यासकांनी जुन्या चार उपकुलांत पाचव्याची भर घातली.

मी वर्गासमोर चिठ्ठी फाडली. पण त्याआधी अठरा तुकड्या शिकून निघून गेल्या होत्या. त्यांपैकी कोणी हा दिवाळी अंक वाचत असेल, तर बाबांनो, वहीत एवढे दुरुस्त करा: दोन्ही बाटल्यांत एकच कुळ होते.