बाळाला खोकू द्या

देशातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण 1968 साली मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी केलं. त्याच आचार्य दोंदे मार्गावर वाडियाचं मुलांचं रुग्णालय आहे. लालबाग-परळला हृदयाचं ऑपरेशन आता नवलाचं राहिलेलं नाही. पण ऑपरेशन होऊन बाळ घरी आलं की चाळीतल्या दहाजणांचे दहा सल्ले सुरू होतात. त्यांतला सर्वांत घातक सल्ला मायेपोटीच दिला जातो: "खोकू देऊ नका गं त्याला, टाके उसवतील!"

नेहमीच्या खोकल्याने टाके उसवत नाहीत. छातीचं मधलं हाड तारेने किंवा भक्कम दोऱ्याने आवळून बांधलेलं असतं. धोका आहे तो न खोकण्यात. दुखतं म्हणून मूल वरवर श्वास घेतं, खोकला दाबतं. मग कफ साचतो, फुप्फुसाचा खालचा भाग नीट फुगत नाही आणि तिथेच जंतूंचं फावतं. म्हणून तर मोठ्या मुलांना वॉर्डातच टॉवेलची घडी किंवा उशी छातीशी घट्ट कवटाळून खोकायला शिकवतात, साबणाचे फुगे उडवायला लावतात. हा खेळ नाही, उपचारच आहे. घरीही चालू ठेवा. मूल जरा चालतं-फिरतं ठेवा. तान्ह्याची कूस बदलत राहा.

हाडाला खरंच जपायचं असेल तर बाळाला काखेत हात घालून किंवा दंडाला धरून उचलू नका. एक हात मानेखाली, दुसरा ढुंगणाखाली. साधारण सहा ते आठ आठवडे असंच.

केळं, दही, ताक यांनी छातीत कफ होतो, हाही असाच समज. संसर्ग जंतूंमुळे होतो, केळ्यामुळे नाही. जखम भरायला बाळाला चांगलं खायला हवं. मात्र डिस्चार्ज कार्डावर पाणी मोजून द्यायला किंवा तेल-तूप टाळायला सांगितलं असेल, तर शेजारणीचं "भरपूर गरम पाणी पाज" ऐकू नका.

ओव्याची धुरी मात्र बंदच. उदबत्ती आणि कापूरही. गिरगावातल्या एका खोलीच्या घरात धूर जायला जागा नसते आणि तो नाजूक श्वासनळ्यांना सुजवतो.

"न्यूमोनिया झाला, म्हणजे ऑपरेशन फसलं" असंही नव्हे. हृदयातल्या छिद्रामुळे जादा रक्त सोसलेली फुप्फुसं सावरायला वेळ घेतात.

आणि घरात उरलेली अँटिबायोटिकची बाटली? ती उघडूच नका. सर्दी-खोकला बहुधा विषाणूंमुळे होतो. त्यावर तिचा उपयोग नाही. शिवाय ऑपरेशननंतरच्या काही आठवड्यांत ताप आणि धाप यांचं कारण संसर्गच असेल असं नाही. हृदयाभोवती पाणीही साचू शकतं. ते ओळखायला एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफीच, करावी लागते. गल्लीतल्या डॉक्टरांनाही कार्ड दाखवा.

बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतलं बाळ 60, वर्षाच्या आतलं 50, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत 40 किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल, बरगड्यांखाली खळगा पडत असेल, ओठ नेहमीपेक्षा निळे दिसत असतील, दूध सुटलं असेल, ताप असेल किंवा जखमेतून पाणी येत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच रुग्णालय गाठा.