दाराला लटकलेली दुधाची पिशवी

मैत्रिणींनो, तुमच्या वरच्या मजल्यावर कोण राहतं? पाटीवरचं आडनाव नका सांगू हं! त्या घरात कोण आजारी आहे, कोण एकटं आहे, ते सांगा. पडलात ना विचारात?

हीच गोष्ट हसत-खेळत सांगणारी एक अमेरिकन मालिका २०२१ साली सुरू झाली, ‘ओन्ली मर्डर्स इन द बिल्डिंग’. नावात खून असला तरी घाबरू नका. रक्तापेक्षा हसूच जास्त!

न्यूयॉर्कमधली ‘आर्कोनिया’ ही जुनी, ऐटदार इमारत. तिथे राहणारा चार्ल्स (स्टीव्ह मार्टिन) एके काळी टीव्हीवर डिटेक्टिव्ह व्हायचा. ऑलिव्हर (मार्टिन शॉर्ट) हा नाटकं आपटलेला दिग्दर्शक. मेंटेनन्स थकलेला आणि जेवणाऐवजी डिप्सवर जगणारा! तिसरी तरुण, अबोल मेबल (सेलेना गोमेझ). तिघं एकाच लिफ्टनं ये-जा करणारे, पण ओळख नाही. ती होते टिम कोनो नावाचा शेजारी मरतो तेव्हा. पोलीस म्हणतात, आत्महत्या. यांना ते पटत नाही. गुन्ह्यांवरचे पॉडकास्ट, म्हणजे फोनवर ऐकायचे कार्यक्रम, ऐकायचं तिघांनाही वेड. मग काय, स्वतःचाच पॉडकास्ट काढून तपास सुरू! नियम एकच, खून आपल्या बिल्डिंगमधलाच हवा.

पण हसता हसता मालिका चिमटाही काढते. टिमच्या शोकसभेत त्याच्याविषयी चांगलं बोलायला कुणी पुढे येत नाही. एक शेजारी तर आपल्या मेलेल्या मांजरीसाठीच हळहळतो! पुढे एक भाग जवळजवळ संवादांशिवाय आहे, ऐकू न येणाऱ्या तरुणाच्या नजरेतून दाखवलेला. ते काम करणारा जेम्स कॅव्हर्ली स्वतः कर्णबधिर आहे. घरातली कामं बाजूला ठेवून हा भाग बघा. पोळ्या लाटता लाटता तो कळायचा नाही.

खुनी कोण, ते मी सांगणार नाही. पण एक सांगते. त्या तिघांना खरं सापडतं ते एकमेकांचं दार.

तुम्ही म्हणाल, शेजाऱ्यांकडे लक्ष ठेवणं म्हणजे भोचकपणा. अहो, भोचक बाई कुणाकडे कोण आलं ते बघते. चौकस बाई कुणाकडे कुणीच येत नाही ते बघते. समोरच्या दाराला दुधाची पिशवी दुपारपर्यंत तशीच लटकलेली दिसली, तर बेल वाजवा. काही झालं नसेल तर उत्तमच! सोबत वाटीभर आमटी न्या. ती वाटी रिकामी परत येणार नाही, आणि पुढच्या वेळी तुमच्या दाराची बेल वाजवायलाही कुणीतरी असेल.