पेनड्राइव्ह उघडत नाही? ‘फॉरमॅट’ दाबण्याआधी पाच मिनिटं थांबा

मुंबई-गोवा महामार्गावरून देवगडचा रस्ता जिथे फुटतो, ते आपलं नांदगाव. इथल्या बऱ्याच घरांतलं कुणी ना कुणी मुंबईत, पुण्यात नाहीतर आखातात असतं. सुट्टीत चाचा गावी येतात, सोबत पेनड्राइव्ह असतो. त्यात तिकडच्या घरातल्या निकाहचे फोटो, व्हिडिओ आणि कधी कधी वारलेल्या दादीचा आवाज, फोनवर रेकॉर्ड करून ठेवलेला. रात्री जेवणं आटोपल्यावर सगळे कॉम्प्युटरभोवती जमतात, पेनड्राइव्ह लावला जातो आणि काहीच होत नाही. खिडकी उघडत नाही, ‘धिस पीसी’मध्ये नाव दिसत नाही. किंवा त्याहून वाईट, विंडोज विचारतो, ‘ही डिस्क वापरायची तर फॉरमॅट करावी लागेल, करू का?’ घाईत कुणीतरी ‘हो’ दाबतो.

नुकसान बहुतेक वेळा इथेच होतं. पेनड्राइव्ह न उघडणं म्हणजे आतला माल गेला असं नाही. कित्येकदा फाइली जागच्या जागी असतात, फक्त कॉम्प्युटरला तिथपर्यंत पोहोचता येत नसतं. म्हणून पहिला नियम लक्षात ठेवा: आतलं हवं असेल, तर फॉरमॅटला ‘कॅन्सल’ करा. मग अडलंय कुठे ते शोधा.

कॉम्प्युटर पेनड्राइव्ह उघडतो म्हणजे काय करतो?

याला ‘माउंट’ करणं म्हणतात. घरी पाहुणा आल्यासारखंच आहे हे. आधी दारावरची बेल वाजली पाहिजे, म्हणजे ड्राइव्हला वीज मिळाली पाहिजे. मग ‘कोण आलंय’ ही ओळख पटली पाहिजे. मग त्याची भाषा कळली पाहिजे, म्हणजे आतली फाइल सिस्टिम वाचता आली पाहिजे. शेवटी त्याला खोली दिली पाहिजे. विंडोजमध्ये ‘ई’ किंवा ‘एफ’ असं अक्षर मिळतं ती ही खोली. या चारपैकी एक पायरी चुकली तरी आपल्याला एकच गोष्ट दिसते, ‘पेनड्राइव्ह उघडत नाही’. पण प्रत्येक पायरीचा इलाज वेगळा आहे.

त्याआधी एक गोष्ट बघून घ्या. पूर्वी पेनड्राइव्ह लावला की खिडकी आपोआप उघडायची. ती उघडली नाही म्हणजे ड्राइव्ह माउंट झालाच नाही असं नव्हे. २००८ च्या अखेरीस पसरू लागलेला ‘कॉन्फिकर’सारखा व्हायरस पेनड्राइव्हमधल्या ऑटोरनचाच फायदा घेत होता. म्हणून विंडोज ७ पासून पेनड्राइव्हमधला प्रोग्रॅम आपोआप चालणं बंद झालं आणि २०११ मध्ये एक्सपी व व्हिस्टासाठीही तसा अपडेट आला. ‘ऑटोप्ले’ची खिडकी तर कुणीही सेटिंगमधून बंद करू शकतो. तेव्हा आधी ‘धिस पीसी’ उघडून बघा. तिथे ड्राइव्ह असेल तर काहीच बिघडलेलं नाही.

पहिली पायरी: बेल वाजली का?

डेस्कटॉपच्या कॅबिनेटचे पुढचे यूएसबी पोर्ट आतून एका वायरने मदरबोर्डला जोडलेले असतात. ती वायर सैल होते, पोर्टमध्ये धूळ बसते. मागचे पोर्ट थेट मदरबोर्डवर असतात. म्हणून ड्राइव्ह आधी मागच्या पोर्टमध्ये लावून बघा. मध्ये हब किंवा एक्स्टेन्शन वायर असेल तर ती काढा.

पोर्टेबल हार्ड डिस्क असेल तर तिला वीज जास्त लागते. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९००. कमी वीज मिळाली की डिस्कचा दिवा लागतो, पण ती धड फिरत नाही. अशा वेळी निळ्या रंगाच्या पोर्टमध्ये लावा, तो सहसा यूएसबी ३ चा असतो. डिस्कची केबलही बदलून बघा.

आपल्याकडचा पाऊस आणि दमट हवा हेही एक कारण आहे. पावसाळ्यात उघडा पडलेला पेनड्राइव्ह घेतला की त्याच्या सोनेरी पट्ट्यांवर काळपट किंवा हिरवट थर दिसतो. तो कोरड्या मऊ कापडाने हलकेच पुसा. तोंडाने फुंकर मारू नका, त्यात ओलावा जातो. सुरीने खरवडू नका.

सगळ्यात सोपी परीक्षा म्हणजे तोच ड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावणं. तिथे चालला तर दोष आपल्या कॉम्प्युटरमध्ये. तिथेही नाही चालला, तर ड्राइव्हमध्ये काहीतरी आहे.

दुसरी पायरी: ओळख पटली का?

विंडोजच्या ‘स्टार्ट’ बटणावर उजवं क्लिक करा आणि ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा. ‘डिस्क ड्राइव्ह्ज’खाली नाव दिसतंय का? पिवळा त्रिकोण किंवा ‘अननोन डिव्हाइस’ दिसतंय का? तसं असेल तर त्यावर उजवं क्लिक करून ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करा, ड्राइव्ह काढा, कॉम्प्युटर रीस्टार्ट करा आणि ड्राइव्ह पुन्हा लावा. घाबरू नका, यात ड्राइव्हमधल्या फाइलींना धक्का लागत नाही. फक्त विंडोजने लक्षात ठेवलेली चुकीची ओळख पुसली जाते.

इथे ‘रीस्टार्ट’च करा, ‘शटडाउन’ नको. नव्या विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शटडाउन केल्यावर कॉम्प्युटर पुरता बंद होत नाही. जुनी स्थिती साठवून झोपतो आणि जुना घोळ तसाच राहतो.

तिसरी पायरी: खोली मिळाली का?

आता पुन्हा ‘स्टार्ट’वर उजवं क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. खरी गोष्ट इथे कळते. साधारण चारपैकी एक चित्र दिसेल.

एक, ड्राइव्ह दिसतो, ‘हेल्दी’ लिहिलंय, पण अक्षर नाही. हा सगळ्यात सोपा मामला. त्यावर उजवं क्लिक करून ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’ निवडा, ‘अ‍ॅड’ करा आणि रिकामं अक्षर द्या. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर नेटवर्कच्या फोल्डरला आधीच ‘एफ’ दिलेलं असेल आणि पेनड्राइव्हलाही तेच मिळालं, तर असा घोळ होतो.

दोन, ‘रॉ’ लिहिलंय. म्हणजे भाषा कळत नाही. एकतर फाइल सिस्टिम बिघडली आहे, नाहीतर ती विंडोजची नाहीच. फॉरमॅट करू नका, पुढची पायरी वाचा.

तीन, ‘अनअलोकेटेड’ किंवा ‘नॉट इनिशिअलाइज्ड’. म्हणजे आतल्या भागांची यादी हरवली आहे. इथे ‘इनिशिअलाइज’ दाबू नका.

चार, ‘नो मीडिया’, किंवा डिस्कचा आकार शून्य. म्हणजे ड्राइव्हमधली चिपच बोलत नाही. हे घरी दुरुस्त होण्यासारखं नाही. डेटा मोलाचा असेल तर डेटा रिकव्हरी करणाऱ्या जाणकाराकडेच द्या.

प्रत्येक नवा पेनड्राइव्ह असाच अक्षराविना राहत असेल, तर विंडोजमधलं ऑटोमाउंटच कुणीतरी बंद केलं असेल. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा, ‘डिस्कपार्ट’ चालवा आणि मग ‘ऑटोमाउंट एनेबल’ ही आज्ञा इंग्रजीत टाइप करा. डिस्कपार्टमध्ये याशिवाय दुसरं काही टाइप करू नका. त्यातल्या काही आज्ञा अख्खी डिस्क पुसतात.

चौथी पायरी: भाषा कळली का?

ही पायरी फार जणांना ठाऊक नसते आणि चांगले ड्राइव्ह इथेच हकनाक फॉरमॅट होतात.

पेनड्राइव्हवर फाइली ठेवण्याच्या अनेक पद्धती आहेत. एफएटी ३२ जवळपास सगळीकडे चालते, पण तिच्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. लग्नाचा पूर्ण व्हिडिओ सहज त्याहून मोठा होतो. म्हणून व्हिडिओवाले एनटीएफएस किंवा एक्सफॅट वापरतात. आणि ज्याने काम अ‍ॅपलच्या कॉम्प्युटरवर केलं, त्याचा ड्राइव्ह एपीएफएस किंवा एचएफएस प्लस या पद्धतीचा असू शकतो. या दोन्ही विंडोजला मुळात वाचता येत नाहीत. तो प्रामाणिकपणे ‘मला कळत नाही’ म्हणण्याऐवजी ‘फॉरमॅट करू का?’ विचारतो. ड्राइव्ह ठणठणीत असतो!

म्हणून आधी ज्याने ड्राइव्ह भरून दिला त्याला फोन करा. ‘चाचा, हे मॅकवर भरलेलं का?’ एवढा एक प्रश्न पुरतो. उत्तर ‘हो’ असेल तर कुणाच्या तरी मॅकवर लावा आणि फाइली एक्सफॅट केलेल्या दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून घ्या.

घरी लिनक्स असेल तर

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ न चालणाऱ्या जुन्या डेस्कटॉपवर मग काहींनी लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकलं. तिथे पेनड्राइव्ह आपोआप लागला नाही, तर ‘डिस्क्स’ नावाचं अ‍ॅप उघडा, डावीकडे ड्राइव्ह निवडा आणि त्रिकोणी ‘प्ले’ बटण दाबा. लागला, तर फक्त आपोआप लागण्याचं सेटिंग बंद आहे. फाइल मॅनेजरच्या सेटिंगमध्ये ते चालू करा.

नाही लागला आणि ड्राइव्ह एनटीएफएसचा असेल, तर बहुतेक तो विंडोजमधून ‘इजेक्ट’ न करता ओढून काढलेला असतो. अशा ड्राइव्हवर ‘काम अर्धवट आहे’ अशी खूण राहते आणि लिनक्स सावधगिरीने तो लावायला नकार देतो. आत काय आहे ते विंडोजवर दिसत असेल, तर आधी कॉपी करून घ्या. मग तिथेच ड्राइव्हच्या ‘प्रॉपर्टीज’मधल्या ‘टूल्स’मध्ये जाऊन ‘चेक’ करा आणि नीट इजेक्ट करा.

लिनक्स टाकताना वापरलेल्या पेनड्राइव्हची नोंद कधी कधी ‘एफएसटॅब’ नावाच्या फाइलमध्ये राहून जाते. मग त्या जागी लावलेला दुसरा ड्राइव्ह अडतो. ज्याने लिनक्स टाकून दिलं, त्याला ती नोंद काढायला सांगा.

काहीच जमलं नाही तर

त्या ड्राइव्हवर नवीन काही लिहू नका. पुसलेली फाइल लगेच नाहीशी होत नाही, तिची जागा ‘रिकामी’ म्हणून नोंदली जाते. नवीन काही लिहिलं की ती खरोखर जाते. ‘क्विक फॉरमॅट’ झाला असला तरी पुढे काही लिहिलं नसेल तर आशा असते. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट मात्र सगळ्या जागेवर शून्य लिहितो. त्यानंतर काही उरत नाही.

‘टेस्टडिस्क’ आणि ‘फोटोरेक’ ही दोन मोफत साधनं आहेत. पहिलं हरवलेले भाग शोधतं, दुसरं फोटो-व्हिडिओ-ऑडिओ वेचून काढतं. वेचलेल्या फाइली त्याच ड्राइव्हवर नको, कॉम्प्युटरवर किंवा दुसऱ्या डिस्कवर ठेवा. एरर दुरुस्त करणारं ‘चेकडिस्क’ही कॉपी निघाल्यानंतरच चालवा. ते आतल्या नोंदी बदलतं. हार्ड डिस्कमधून टिकटिक आवाज येत असेल तर लगेच काढा, पुन्हा पुन्हा लावून बघू नका.

दुकानात द्यायची वेळ आली तर स्पष्ट सांगा, ‘भाऊ, ड्राइव्ह चालू करून नको, आतला डेटा हवाय. विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नका.’ दुकानदार बिचारा ‘ड्राइव्ह दुरुस्त करा’ म्हणजे फॉरमॅट असंच समजतो. आणि त्यात घरातले खासगी फोटो असतील, तर शक्यतो समोर बसून काम करून घ्या, कॉपी घेतली की दुकानातल्या कॉम्प्युटरवरून ती पुसायला लावा.

पुढच्या वेळी ही वेळ येऊ नये म्हणून

पेनड्राइव्ह ही सामान नेण्याची पिशवी आहे, तिजोरी नव्हे. वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिला तर त्यातली नोंद हळूहळू पुसट होऊ शकते. मोलाच्या गोष्टींच्या तीन प्रती ठेवा: एक कॉम्प्युटरवर, एक हार्ड डिस्कवर, एक घराबाहेर, म्हणजे मुंबईच्या भावाकडे किंवा क्लाउडवर. काढताना नेहमी ‘इजेक्ट’ करा. पावसात लाइट सारखी जाते, तेव्हा कॉपी चालू असताना कॉम्प्युटर यूपीएसवर असू द्या. ड्राइव्ह झाकणाच्या डब्यात ठेवा, सोबत नव्या चपलांच्या खोक्यात मिळते ती सिलिका जेलची पुडी टाका.

रमजानच्या आधी आपण घर झाडून-पुसून काढतो. त्याच दिवशी जुने पेनड्राइव्ह आणि हार्ड डिस्क एकदा लावून बघायची सवय ठेवा. एखादा उघडायला कुरकुर करत असेल, तर त्याच दिवशी कॉपी काढा. फोटो पुन्हा काढता येतील, घर पुन्हा बांधता येईल, पण दादीचा आवाज पुन्हा रेकॉर्ड करता येणार नाही.